शिंजीनं कुणाला ओळखलं

माझं कुणी खरं मानत नाही. परवा म्हटलं, परसातला तो अंगठ्याएवढा शिंजीर पक्षी माणसांची तोंडं ओळखतो, तर तुमचा बाप हसला. हसू दे. तुम्ही ऐका. चिंगे, पाय पांघरुणात घे.

एक होता राजा. त्याच्या बागेत होत्या जास्वंदी, आणि त्या राखायला होती म्हातारी येसू माळीण. सगळ्यात उंच फांदीची फुलं तोडायची नाहीत, ती पाखरांची, असा राजाचा हुकूम. त्या फांदीला एका शिंजिराच्या मादीनं घरटं टांगलं. कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं, बरं का. आत दोन अंडी. येसू तिला शिंजी म्हणायची.

आणि एक होते दिवाणजी. पिवळी पगडी, मोठे देवभक्त. ते गणपतीला लाखोलीचा नवस बोलले होते. लाख जास्वंदी वाहायच्या म्हणजे.

मग एके सकाळी बघतात तर उंच फांदी बोडकी. घरटं खाली, अंडी फुटलेली. राजा भडकला. कुणी म्हणालं, वाऱ्यानं पाडलं. वारा नव्हताच. कुणी म्हणालं, मांजरानं. मांजर फुलं नेतं होय? मग दिवाणजी म्हणाले, "महाराज, बागेची किल्ली येसूकडे असते."

झालं. येसूला राज्याबाहेर घालवायचं ठरलं. या वयात बाई जाणार कुठं, सांगा?

येसू म्हणाली, "शिंजीनं बघितलंय, महाराज. तिला विचारा."

"तिचा मेंदू मोहरीएवढा," दिवाणजी हसले.

"फोडणीत मोहरीच आधी तडतडते, दिवाणजी."

राजानं सगळ्यांना झाडाखाली उभं केलं. शिंजी आली. येसूजवळून गप्प गेली. दिवाणजींपाशी आली आणि चिवचिवाट करत डोक्यावर घिरट्या घालू लागली.

"पगडीला बुजली," दिवाणजी म्हणाले.

मग पगडी घातली येसूला. शिंजी त्या पगडीवर निवांत बसली, पंख झाडले, आणि उडून थेट दिवाणजींच्या नाकाशी ओरडायला लागली.

"अत्तराला बुजली."

मग राजानं सगळ्यांना न्हायला लावलं आणि घोंगडी पांघरून ओळीनं बसवलं. नुसती तोंडं उघडी. शिंजी एकेक तोंड बघत निघाली. दिवाणजींनी डोळे मिटले, गाल फुगवले. तिनं नाकावर टोचलं.

दिवाणजी रडकुंडीला आले. "लाखोलीला थोडी फुलं कमी पडत होती, महाराज. भिंत चढून आलो, पण देवासाठीच तोडली."

"देवाला कमी चालली असती," राजा म्हणाला. "तिला अंडी दोनच होती."

मग दिवाणजींची दिवाणगिरी गेली, हातात पाण्याची घागर आली. रोज जास्वंदीला पाणी घालायचं, रोज शिंजीची बोलणी खायची. शिंजीनं पुन्हा घरटं विणलं, पिल्लं उडाली, येसू बागेतच सुखानं राहिली.

आता डोळे मिटा. आणि उद्या कुणी विचारलं, घरटं कुणी पाडलं, तर वारा म्हणू नका, मांजर म्हणू नका, येसू तर मुळीच म्हणू नका. सरळ नाव घ्या, दिवाण विसाजीपंत.