शेवग्याखालची देवाची जागा

फार फार पूर्वी, धान्य कोठारात न ठेवता जमिनीच्या पोटात ठेवत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला एक घर होते. घरात एक म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि पाळण्यातले बाळ एवढीच माणसे होती.

त्या घराला एकच दुखणे होते. पावसाळ्यात टेकडीवरचे पाणी सरळ परसात उतरायचे आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. वर्षानुवर्षे पाणी पिऊन त्या भिंतीने पोट काढले होते. भिंतीच्या आतल्या बाजूला सुनेची खोली होती, आणि तिथेच बाळाचा पाळणा टांगलेला होता.

सून रोज भिंतीला हात लावून बघायची आणि रोज सासऱ्यांना म्हणायची, "मामंजी, पावसाळ्याआधी परसात चर खणून घेऊ. पाणी बाजूने ओढ्याला जाईल."

"बघू," मामंजी म्हणायचे.

"बघून बघून भिंत वाकली. आता खणू!"

अखेर मामंजी तयार झाले. पण त्यांच्या मनात एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. परसातल्या शेवग्याजवळ त्यांच्या वडिलांच्या वेळचे पेव होते. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेली, वरून दगडाने बंद केलेली खोली. पूर्वी लुटारू गावावर धाडी घालत, माणसांना मारून धान्य कुठे आहे ते विचारत. म्हणून त्या गावाने रीतच पाडली होती. पेवाची जागा घरातल्या एकट्या म्हाताऱ्याने जाणायची, आणि शेवटच्या आजारात मुलाच्या कानात सांगायची. ज्याला माहीतच नाही, तो मार खाऊन तरी काय सांगणार? रीत शहाणपणाची होती. पुढे लुटारू गेले, धाडी थांबल्या. रीत मात्र राहिली.

चर खणायला दोन मुकादम जागा बघून गेले.

पहिला मुकादम आला तो हसतच. त्याने परसात एक फेरी मारली आणि हात जोडले. "मालक, तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तेवढा चर. काळजीच सोडा."

दुसरी आली ती एक बाई होती. नवरा गेल्यापासून माणसांची टोळी तीच चालवायची. आवाज असा, की शेजारच्या परसातली कोंबडी उडाली. तिने काठीने जमीन ठोकली आणि विचारायला सुरुवात केली. "माती कुठे टाकायची? चराचं पाणी शेजाऱ्याच्या दारात गेलं तर भांडण कोण करणार, तुम्ही की मी? आणि आजोबा, हे सांगा, या जमिनीखाली काय काय आहे?"

"माती आहे," मामंजी म्हणाले.

"माती सगळीकडेच असते. जुनी विहीर? पेव? पुरलेलं काही?"

"काही नाही." मामंजींचा चेहरा आवळला. "बाई, तू खणायला आलीस की चौकशीला?"

"चौकशी केल्याशिवाय माझी माणसं खड्ड्यात उतरत नाहीत, आजोबा. वर येताना मला ती मोजून घ्यावी लागतात."

ती गेल्यावर मामंजी म्हणाले, "पहिला माणूस बरा. अदबीने बोलतो."

सुनेला राहवले नाही. "मामंजी, त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ज्याला काही विचारायचं नाही, त्याला काम तरी काय कळलं?"

"तुझं वय किती, तू बोलतेस किती!"

"वयाने लहान आहे म्हणून त्या भिंतीखाली निजायचं मात्र मीच का?"

मोठ्या माणसांना उत्तर सुचले नाही की ती पूजेला बसतात. मामंजीही बसले.

ठरल्या दिवशी गोडबोल्या मुकादम टोळी घेऊन आला. मामंजींनी काठीने रेघ ओढून दिली. शेवग्याजवळ आल्यावर त्यांनी रेघेला लांबलचक वळसा दिला. "इथे खणायचं नाही. ही देवाची जागा आहे."

"होय मालक, देव म्हणजे देव!" मुकादमाने कानाला हात लावले.

दुपारी मामंजी जेवून आडवे झाले. मुकादमाने वळशाकडे बघितले. वळसा म्हणजे जास्त माती, जास्त घाम. "सरळ घ्या रे," तो हळूच म्हणाला. "म्हातारा उठेपर्यंत बुजवून टाकू."

शेवग्याशी पहार आपटली आणि पोकळ आवाज आला. मातीखाली मोठा सपाट दगड निघाला. मुकादमाचे डोळे चमकले. त्याने दगड सरकवला. खाली अंधार होता, आणि अंधारातून कुबट उष्ण वास आला. मुकादमाने स्वतःचा पाय मागे घेतला आणि घरच्या मुलाला हाक मारली. "धाकटे मालक, देवाची जागा उगाच म्हणत नाहीत. धन असणार! घरचं धन, पहिला हात तुमचाच लागला पाहिजे."

मुलगा साधा होता. तो लगेच काठावर बसला आणि त्याने पाय आत सोडले.

सून आवाज ऐकून परसात आली होती. ते काळे भोक बघून ती जागीच थबकली. देवाची जागा? लग्न होऊन या घरात आल्यापासून घरातला एकूणएक देव तिने पुसला होता. तुळशीला, उंबऱ्याला, गोठ्याच्या खुंट्यालासुद्धा ती सणाला पणती लावायची. शेवग्याखाली कधीच नाही. तिथे देव नव्हता. तिथे मामंजींनी काहीतरी लपवले होते.

"अहो, उतरू नका!" ती ओरडली आणि घरात धावली. तिने मामंजींना गदागदा हलवले.

"मामंजी, शेवग्याखाली काय आहे?"

"देवाची..."

"देव असता तर तुम्ही मला पणती लावायला लावली असती! तुमचा मुलगा त्या भोकात उतरतोय. काय आहे तिथे?"

मामंजी ताडकन उठून बसले. ते कसेबसे म्हणाले, "ते... वेळ आली की मुलाच्या कानात सांगायचं असतं."

"मग त्याचा कान जमिनीच्या वर आहे तोवर सांगा!"

म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द एकदम सुटले. "पेव आहे! माझ्या वडिलांनी बंद केलेलं, कधी उघडलेलं नाही. आत विषारी वाफ असते. उतरेल तो परत यायचा नाही. धाव, पोरी, धाव!"

ती धावली. मुलगा दोन्ही हात काठावर टेकून छातीपर्यंत आत गेला होता. तिने त्याची बंडी मागून दोन्ही हातांनी धरली, टाच मातीत रोवली आणि सगळे बळ एकवटून ओढले. मातीसकट तो वर आला आणि तिच्या अंगावर कोसळला.

"अगं, काय करतेस? आत धन..."

मागून मामंजी धडपडत आले. त्यांच्या हातात देवघरातला दिवा होता. त्यांनी तो दोरीला बांधून भोकात सोडला. हातभर खाली जाताच ज्योत विझली. जणू कुणी चिमटीत धरून ती मोडली होती.

मुलगा विझलेल्या दिव्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मागच्या खोलीतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला.

"उठलं वाटतं," मुलगा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला रडू आले, हसूही आले. सुनेने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच मातीत बसून त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

गोडबोल्या मुकादम मात्र दिसेना. माणसे आणि घमेली घेऊन तो केव्हाच पसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मामंजी स्वतः त्या बाईकडे गेले. तिने त्यांना आपादमस्तक पाहिले. "काय आजोबा, माती निघाली का?"

"निघाली. तोंडात गेली. ये, बाई. तू विचार, मी सांगतो."

ती आली. मामंजी परसात पाट टाकून बसले आणि सांगू लागले. पेव कुठवर आहे, जुना हौद कुठे बुजवला, शेजाऱ्याची हद्द कुठे लागते. ती विचारत गेली, ते सांगत गेले. इतक्या वर्षांचे ओझे उतरत होते, तसा म्हाताऱ्याचा आवाज मोकळा होत गेला. तिने पेव दिवसच्या दिवस उघडे ठेवले. रोज दिवा सोडून बघितला. दिवा तळापर्यंत जळत राहिला तेव्हाच तिची माणसे उतरली. आतले धान्य काळे पडले होते, ते काढून खतात टाकले आणि पेव दगडमातीने भरून घेतले. मग चर खणला.

पाऊस आला. टेकडीवरचे पाणी उड्या मारत खाली उतरले, चरात शिरले आणि निमूट ओढ्याकडे गेले. भिंत कोरडी राहिली. सुनेने आतून भिंतीला हात लावून बघितला आणि बाळाशेजारी गाढ झोपली.

सकाळी ती मामंजींना म्हणाली, "अजून काही कानात सांगायचं ठेवलं असेल, तर आजच सांगून टाका."

"पुष्कळ आहे," मामंजी म्हणाले. "पण आधी घोटभर ताक तरी दे. सांगून सांगून घसा सुकतो."

तेव्हापासून त्या गावात नवी रीत पडली. कुदळ मारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला परसात पाटावर बसवायचे आणि जमिनीखालचे सगळे मोठ्याने सांगायला लावायचे, मगच नारळ फोडायचा. आणि जो मुकादम काहीच विचारत नाही, त्याला त्या गावात कुणी काम देत नाही.

तात्पर्य : खणण्याआधी जो प्रश्न विचारतो त्याच्यावरच काम सोपवावे, आणि त्याच्यापासून जमिनीखालचे काहीही लपवू नये.