लेंभेनानांकडचा दुसरा भाग

"मग दुसरा भाग कुठंय, चाचा?"

देवयानीने पहिला भाग टेबलावर आपटला नाही, ठेवला. पण असा ठेवला की आपटला असता तर बरं झालं असतं.

दस्तगीरचाचा एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. त्यांचं बोट थांबलं नाही.

"असेल," ते म्हणाले.

"असेल म्हणजे?"

"म्हणजे आहे."

आंबेसावळीचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या, नऊ कपाटं आणि पुढे एक ओटा. दस्तगीर अत्तार तिथे एकेचाळीस वर्षं ग्रंथपाल. दिवाळीनंतर त्यांनी थांबायचं आणि देवयानी ताकवलेने त्यांच्या जागी बसायचं, असं समितीने ठरवलेलं.

देवयानी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्रात पहिली आलेली. ती हे कुणाला मुद्दाम सांगत नसे. तिच्याशी पाच मिनिटं बोललेल्या माणसाला ते आपोआप कळे.

कपाटांची किल्ली मात्र अजून चाचांच्या कमरेला होती. तिने रोज मागायची, आणि चाचांनी रोज म्हणायचं, "आधी सगळी पुस्तकं मोजून होऊ दे."

आज मोजून झाली होती. मोजणीसाठी गावभरची पुस्तकं परत मागवलेली. ती आलीही.

"अकरा कादंबऱ्या दोन-दोन भागांच्या आहेत," देवयानी म्हणाली. "पहिले भाग सगळे आले. दुसरा एकही नाही."

"हां."

"देवघेवीच्या रजिस्टरात बघितलं मी. अकराही एकाच माणसाच्या नावावर. शिवराम लेंभे. त्यातली काही तर सहा वर्षं!"

"हां."

"आणि त्या माणसाला दिसत नाही, चाचा! मी चौकशी केली. दोन्ही डोळे गेलेत त्यांचे."

चाचांनी खळीचं बोट फडक्याला पुसलं.

"खरंय," ते म्हणाले.

देवयानीला संताप आला. तिला वाटलं होतं, म्हातारा गडबडेल, काहीतरी सबब सांगेल. सबबीला काय उत्तर द्यायचं तेही तिने योजून ठेवलं होतं.

"ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरी अकरा पुस्तकं. आणि ज्यांना वाचायचंय त्यांनी गावभर हिंडायचं. याला वाचनालय म्हणायचं?"

चाचांनी खळीचं पुस्तक बाजूला ठेवलं.

"तुला काय करायचंय?"

"परत आणायचीत."

"मग आण."

*

लेंभ्यांचं घर कोष्टी गल्लीच्या टोकाला. दार सताड उघडं. ते वाऱ्याने मिटू नये म्हणून खाली एक दगड लावलेला.

"या," आतून आवाज आला. "चप्पल नवी दिसतीय."

देवयानी दचकली. खाटेवर एक किडकिडीत म्हातारा बसला होता. शेजारी स्टोव्ह, चहाचं पातेलं आणि दोन कप. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, एवढं तिला चौकशीतून कळलं होतं.

"मी वाचनालयातून आलेय. नवी ग्रंथपाल."

"अरे वा! बसा बसा. कुठवर आलाय?"

"कुठवर म्हणजे?"

"पैला भाग वो. कुठवर आलाय? संपला?"

"मी वाचायला नाही आले, आजोबा."

"आसं कसं? पैला भाग मला सांगायचा, मग दुसरा न्यायचा. आन दुसरा परत आनताना शेवट सांगायचा. रीतच हाय हितली."

"आता तसं नाही चालणार. पुस्तकं परत न्यायला आलेय मी. अकरा."

लेंभेनानांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली.

"सगळी?"

"सगळी."

"दस्तगीरनं सांगितलं?"

"हो."

ते खोटं नव्हतं. तरी सांगताना तिला जरा चोरट्यासारखं झालं.

"मग न्या की. वाचनालयाचीच हायती."

नाना उठले. भिंतीतल्या फळीवरून एकेक पुस्तक काढून हातात जोखू लागले. बोटाने पुठ्ठ्याची कड चाचपायचे आणि मग पुढे करायचे.

"ह्यो दिनकर सुताराचा. त्याला शेवट पटला न्हाई. माझ्याशी भांडून गेला, जनू काय मीच लिवलाय."

देवयानीने यादीवर खूण केली.

"ह्यो शाळेतल्या पवार सरांचा. लई घाईत सांगत्यात, पर सांगत्यात."

खूण.

शेवटचं पुस्तक त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

"ह्यो नवा. नावाड्याच्या पोरीचा. जाधवबाईंनी पैला भाग सांगितलाय मला. नाव पान्यात मधीच अडकलीय, तितवर आलोय आमी. तुमची मोजनी निघाली म्हनून त्यांचा दुसरा न्यायचा राहिला."

"त्यांना वाचनालयातच मिळेल आता."

"व्हय. तेबी बरंच हाय."

अकरा पुस्तकं दोन पिशव्यांत बसली.

"च्या टाकू का?" नानांनी विचारलं.

"नको, उशीर होतोय."

"बरं... जाताना तेवढं दार लावून घ्या."

दगड हलता हलेना. उंबऱ्याशी त्याच्यापुरता खळगा पडला होता. देवयानीने दोन्ही हात लावून तो बाजूला केला आणि दार ओढून घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी अकराही जोड्या सुतळीने बांधून कपाटात लागल्या. एकाही क्रमांकाला पुस्तक कमी नाही. देवयानीने चाचांना कपाटासमोर नेऊन उभं केलं.

चाचांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"छान दिसतंय," ते म्हणाले.

आणि कमरेची किल्ली सोडून त्यांनी तिच्या हातात दिली.

एवढंच. समिती नाही, नारळ नाही, उपदेश नाही. वाद घालायची तिने जय्यत तयारी केली होती, ती सगळी वाया गेली. पण तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. त्या संध्याकाळी किल्ली कमरेला खोचून ती उगीचच दोनदा स्टँडपर्यंत जाऊन आली.

चाचा दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या ओट्यावर, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांत जाऊन बसले. आत डोकावले नाहीत.

पवार सर एकदम खूश. "वा, आता एका फेरीत काम!" दोन्ही भाग काखोटीला मारून ते निघूनही गेले. दिनकर सुतार आला, सुतळीची गाठ बघत थोडा वेळ उभा राहिला आणि मासिक घेऊन गेला.

तीन आठवडे असे गेले. सगळं नियमाप्रमाणे, पंधरा दिवसांच्या आत.

मग एका सकाळी जाधवबाई आल्या. पोस्टाजवळ त्यांचं शिवणाचं दुकान. नावाड्याच्या पोरीचे दोन्ही भाग त्यांनी टेबलावर ठेवले आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"वाचून झालं?" देवयानीने विचारलं.

"झालं."

"आवडलं?"

"लई. शेवट तर..." बाई थांबल्या. "पर कुनाला सांगू?"

देवयानीला नीट कळलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे?"

"नानांना अर्धंच ठावं हाय वो. परवा गेले हुते मी. दार लावल्यालं. कडी वाजवली तर आतनं म्हनले, 'माझ्याकडं आता पुस्तक न्हाई, बाई.'"

"मग तुम्ही आत नाही गेलात?"

"काय म्हनून जाऊ?" जाधवबाई म्हणाल्या. "एकटा मानूस. मीबी एकटी बाई. पुस्तकाचं निमित्त हुतं तवर कुनी काय म्हनत नव्हतं."

"पण बाकीचे जात असतील की."

"मलाबी तसंच वाटलं. काल दिनकर भेटला. तर तो म्हनतो, मला वाटलं तुमी जाता."

बाईंनी पदराने पुस्तकावरची नसलेली धूळ पुसली.

"दुसरं काही देऊ?" देवयानीने कसंबसं विचारलं.

"दोन भागांचं असलं तर नको," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

*

देवयानी तशीच बाहेर ओट्यावर आली. उंबऱ्याजवळचा तो खळगा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त चाचांचा राग येत होता.

"तुम्हाला माहीत होतं, चाचा."

"हां."

"मग मला अडवलं का नाही?"

चाचांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडीवर घडी, चार वेळा.

"तू नियम सांगत होतीस, बेटा. नियम तुझाच बरोबर होता."

ओट्यावरचे दोघं-तिघं वर्तमानपत्रात आणखी खोल गेले...

देवयानीने कमरेची किल्ली काढून पुढे धरली. "ही घ्या परत. मला नाही जमायचं."

चाचांनी हात पुढे केला नाही. ते उठले, आत गेले आणि टेबलावर पडलेला नावाड्याच्या पोरीचा पहिला भाग बाहेर आणून त्यांनी तिच्या किल्ली धरलेल्या हातावर ठेवला.

"वाच."

"मी? मला यादी पुरी करायचीय. शिवाय याची माहिती आहे माझ्याकडे. दोनशे चौऱ्याण्णव पानं, कापडी बांधणी..."

"वाच," चाचा म्हणाले.

आता खरं सांगायचं तर देवयानीने पुस्तकं हाताळली होती हजारोंनी. कुठलं पुस्तक किती सेंटिमीटर उंच हे ती झोपेत सांगू शकली असती. पण शेवटची अख्खी कादंबरी तिने अकरावीच्या सुट्टीत वाचली होती. त्यानंतर अभ्यास सुरू झाला.

पहिल्या दिवशी ती यादी उघडी ठेवून वाचत होती, दर दहा पानांनी यादीकडे बघत. दुसऱ्या दिवशी यादी कुठे गेली तिलाच माहीत नाही. किल्ली कमरेला टोचते म्हणून तिने ती खुंटीला अडकवली आणि विसरली. वाचक आले, आपली नोंद आपणच करून गेले. कुणीतरी जाता-येता कपाट उघडल्याचा, कुणीतरी पिशवी झटकल्याचा आवाज झाला. तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेवटच्या पानावर आली.

नाव नदीच्या मधोमध अडकली होती. वल्हं मोडलेलं. पलीकडच्या काठावरून पोरीला तिच्या भावाची हाक ऐकू येत होती, आणि ती खरंच भावाची आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. पोर नावेत उभी राहिली...

आणि पान संपलं.

देवयानी ताडकन उठली. टेबलावर बघितलं, तिथे दुसरा भाग नव्हता. जाऊन कपाट उघडलं. सुतळीचे दहा तुकडे नीट गुंडाळून ठेवलेले. दहा पहिले भाग ओळीने उभे. दुसरा एकही नाही.

ती धावत ओट्यावर आली. पहिला भाग तिने छातीशी धरला होता, आत बोट घालून, जणू पान हरवलं असतं तर पोर बुडाली असती.

"मग दुसरा भाग कुठंय, चाचा?"

महिन्यापूर्वी तिने हेच विचारलं होतं. तेव्हाचा आवाज मात्र आता राहिला नव्हता.

चाचांनी तिच्याकडे बघितलं. पुस्तकात अडकवलेल्या तिच्या बोटाकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसू आलं. त्यांच्या पायाशी दोन रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या.

"कोष्टी गल्लीत," ते म्हणाले.

देवयानी चप्पल शोधू लागली. एक सापडली, दुसरी सापडेना.

"पण मला ते दार उघडणार नाहीत," ती म्हणाली. "मीच लावून आलेय ते दार. माझा आवाज ओळखतील. कडी वाजवून मी कोण म्हणून सांगू?"

चाचांनी पायाने तिची दुसरी चप्पल पुढे सरकवली...

"कडी वाजवू नकोस. बाहेर उभी राहा आणि पहिला भाग सांगायला लाग."