गोजराबाईचं रिकामं पान

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि त्या दोघांहून जास्त दरारा होता पंगत मांडणाऱ्या गोजराबाईचा. कोण कुठे बसणार, हे तीच ठरवी. "महाराज, मांडी आवरा, शेजाऱ्याचं पान पुसतंय!" ती म्हणे, आणि राजा मुकाट्याने मांडी आवरी.

एके दिवशी पंगत बसल्यावर कपिलाक्ष जादूगार दारात उभा राहिला.

"पानं संपली, बुवा. तुम्हाला जागा नाही," गोजराबाई म्हणाली.

जादूगाराने एक फुंकर मारली. मीठ वाढणारी गोजराबाईची लेक सुंदरा वाडग्यासकट तांब्याची झाली. मग त्याने झोळी उपडी केली. आतून साठ-सत्तर पाहुणे बाहेर पडले आणि लगेच भांडू लागले.

"ही मूलद्रव्यं. मीठ, माती, तू, मी, हा राजा, सारं यांचंच घडलेलं आहे. तीन पंगतींच्या आत प्रत्येकाला त्याच्या खऱ्या जागी बसव. चुकलीस तर लेक तांब्याचीच राहील."

पहिली पंगत प्रधानांनी मांडली, मानपानाची. सोनं राजाशेजारी, चांदी राणीशेजारी, काळाकुट्ट कार्बन दाराबाहेर. सोडियमरावांच्या अंगावर पाण्याचा पेला कलंडला मात्र, असा भडका उडाला की प्रधानांची डावी मिशी गेली. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, उजवीचीही पाळी येणार आहे.

सुंदराच्या तांब्याच्या खांद्यावर एक तांबट पक्षी येऊन बसला. "टुक टुक. गोजरा, मान बघू नकोस. वजन बघ."

गोजराबाईने तागडी आणली. सगळ्यांत हलका हायड्रोजन, मग हेलियम, मग लिथियम, अशी दुसरी पंगत एका ओळीत थेट वेशीपर्यंत गेली. भांडणं थांबली, पण सुंदरा हलली नाही.

पाणी वाढता वाढता मात्र गोजराबाईच्या ध्यानात आलं. पाणी दिसलं की लिथियम फसफसतो. पुढे आठव्या पानावर सोडियम, तोही तसलाच. त्याच्या पुढे पोटॅशियम, तो तर पेटच घेतो. (प्रधान जवळून बघायला गेले. उजवी मिशी.) हेलियम म्हणतो, "काही नको." पुढे आठव्या पानावर निऑन, तोही म्हणतो, "काही नको."

"अगं बाई, स्वभाव फिरून फिरून येतात की!"

तिसऱ्या पंगतीला तिने ती लांबलचक ओळ मोडून एकाखाली एक रांगा केल्या. पाण्याला चिडणारे एका बाजूला एकाखाली एक, काही नको म्हणणारे दुसऱ्या टोकाला एकाखाली एक. खालच्या रांगा लांबल्या, तिथे लोखंड, तांबं, जस्त मध्ये बसले. एक-दोघं वजनाने मागेपुढे झाले, त्यांना तिने स्वभाव बघून बसवलं. गॅलियम तर हात धरताच तिच्या तळव्यावर वितळला. त्याला तिने द्रोणात घालून बसवलं.

मग आला आर्सेनिक. वजनाच्या क्रमाने त्याच्या वाट्याला गॅलियमशेजारचं, सिलिकॉनखालचं पान आलं. तो बसेना. "माझा स्वभाव फॉस्फरसचा. मी त्याच्याखाली बसणार."

"बसा हो!" प्रधान ओरडले. "मध्ये पान रिकामं राहील!"

गोजराबाईने लेकीकडे पाहिलं. तरी तिने आर्सेनिकला एक पान पुढे बसवलं, आणि रिकाम्या पानाभोवती पाणी शिंपडलं.

"इथे कोणी नाही," दारातून जादूगार म्हणाला.

"आहे. यायचाय. गॅलियमहून जड, आर्सेनिकहून हलका, सिलिकॉनच्या वळणाचा, करडा, चकाकता."

"पाहिलास कधी?"

"नाही. पण त्याचे शेजारी पाहिलेत ना."

जादूगाराने इतका वेळ मिटलेली मूठ उघडली. तीतून एक करडा, चकाकता पाहुणा उतरला. "मी जर्मेनियम," तो म्हणाला आणि रिकाम्या पानावर बसला.

तांबट उडाला. सुंदराची बोटं हलली, चिमूटभर मीठ जर्मेनियमच्या पानावर पडलं. "आई, पुढे कुणाला वाढू?"

गोजराबाईने डोळे पुसले. रांगांच्या शेवटी अजून कितीतरी पानं रिकामी होती. तिने आणखी एक मांडलं.

"त्या दिवशी चुकलं माझं, बुवा. या, बसा. पण मांडी आवरून!"

जादूगाराने मुकाट्याने मांडी आवरली. तेव्हापासून त्या राज्यात पंगत कितीही भरो, एक पान रिकामं असतंच.