आधी तापू दे

“म्हणजे जाता जाता हा पंखाही मीच बदलायचा?” विश्वंभरने विचारलं.

“तुझ्याशिवाय कोणाला येतं?” निवांतबुवा म्हणाले. “आणि एसटीला अजून वेळ आहे.”

विश्वंभरने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पण दाराजवळ, चटकन उचलता यावी अशी. मठ सोडायचा हे त्याचं ठरलं होतं. गुरूला नमस्कार न करता सोडायचा, हेही ठरलं होतं. पंचाईत एवढीच, की संगणकाचं खोकं जमिनीवर होतं आणि खोक्यापलीकडे बुवा मांडी घालून बसले होते. वाकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तो वाकला. पण खोक्याकडे बघत.

संगणक हल्ली भर दुपारी आपोआप बंद पडे. मठातल्या आधीच्या गुरूंची वचनं विश्वंभरने त्यात उतरवून ठेवली होती. तेवढ्यावरून मठाचे अध्यक्ष खोतसाहेब यांचा भाचा प्रणय रोज सकाळी त्या खोक्याला धूप दाखवायचा. देवाने कधी तक्रार केली नव्हती, खोक्यातल्या पंख्याने केली. पात्यांवर काजळी, बुक्का आणि दोन-चार अक्षता. इतक्या भक्तीपुढे बिचारा किती दिवस फिरणार?

आणि परवाच्या उत्सवात बुवांनी गादीचा वारस म्हणून नाव घेतलं, ते याच प्रणयचं. विश्वंभर तेव्हा पंगतीत वरण वाढत होता. त्याने वाढणं थांबवलं नाही, तोंडातून ब्रही काढला नाही. तेव्हापासून बुवांशी एक शब्द नाही. आज सकाळी पिशवी भरली, तीही आवाज न करता.

त्याने वीज काढली, झाकण उघडलं, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. पंख्याची पकड सोडवली. पंख्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा धरला आणि वर खेचला.

ठोकळा हलेना. तो आणि खालचा प्रोसेसर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून दगड झाली होती. विश्वंभरने गुडघा टेकला, दात आवळले...

“ओढू नकोस.”

“चिकटलाय.”

“गार आहे म्हणून चिकटलाय. असा उपटलास, तर प्रोसेसरही मुळासकट वर येईल. त्याचे पाय वाकले की संपलं.” बुवा पूर्वाश्रमी रेडिओ दुरुस्त करत, तो कारागिराचा आवाज तेवढा त्यांनी संन्यासात बरोबर आणला होता. “पकड परत लाव. मशीन चालू कर. आधी तापू दे.”

“गार ठेवणारी वस्तू काढायची, तर आधी तापवायचं?”

“हो.”

“हाही तुमचा उपदेशच का?”

“नाही रे. पेस्ट वाळलीये.”

विश्वंभरने पकड लावली, वीज जोडली. दिवा लागला. पंखा ढिम्म.

“तोवर बोल,” बुवा म्हणाले.

“मला काही बोलायचं नाही.”

“बरं.”

...

“प्रणयला आरती पाठ नाही,” विश्वंभर म्हणाला.

“नाही.”

“पोथी उलटी धरतो.”

“मी पाहिलंय.”

“तरी गादी त्याला! का? त्याच्या मामाने स्वयंपाकघरावर पत्रे घातले म्हणून?”

“पत्रे चांगले आहेत. गळत नाहीत.”

विश्वंभरच्या डोक्यात तिडीक गेली. “गादी विकलीत तुम्ही! पत्र्यांवर विकलीत!”

“अजून?”

“रात्री जागून वचनं मी उतरवली, आणि धूप ओवाळून पुण्य त्याने घेतलं!”

“अजून?”

“वैराग्य म्हणे! एक तर तुम्ही शिकवलंत ते खोटं, नाही तर तुम्ही खोटे. दोन्हींतलं एक काय ते सांगा!”

“अजून?”

विश्वंभरचा आवाज एकदम खाली आला.

“तुम्ही मला... विचारलंसुद्धा नाहीत.”

खोक्यात खट्ट झालं. उष्म्याने मशीन आपणहून बंद पडलं.

“नाही विचारलं,” बुवा म्हणाले. “विचारायला हवं होतं.”

...

“आता वीज काढ. पकड सोड. आणि नुसता फिरव. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे.”

विश्वंभरने फिरवला. मघाशी गुडघ्याला न जुमानणारा ठोकळा डब्याच्या झाकणासारखा हातात आला. प्रोसेसर जागच्या जागी. एक पाय वाकला नव्हता.

त्याने नव्या पंख्याचा डबा फोडला. त्यातल्या नव्या ठोकळ्याच्या तळाची प्लास्टिकची पापुद्री सोलली. बुवा काही सांगतील म्हणून थांबला. ते बोलले नाहीत, तेव्हा त्याला आणखीच राग आला. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. त्याने घाईघाईने पेस्टची नळी उचलली आणि प्रोसेसरवरच्या जुन्या पेस्टच्या करड्या खरपुडीवरच दाबायला गेला.

बुवांनी मनगट धरलं.

“सोडा. गाडी जाईल.”

“जाईल.”

“मी जाणारच आहे. नदीपलीकडे माझा मठ काढीन. तुमच्यापेक्षा मोठा. पत्र्यांचा नाही, स्लॅबचा!”

“काढ.”

“आणि राहिलो... समजा राहिलोच, तर त्या प्रणयच्या पाया पडणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“नको पडूस.”

बुवांनी आपल्या भगव्या छाटीचा काठ टर्रकन फाडला. स्पिरिटच्या बाटलीत बुडवला. विश्वंभरच्या मुठीत दिला.

“गेलास तरी, राहिलास तरी... आधी जुनं पूस.”