आप्पांची वैरण

सकाळच्या धुक्यात सारं गाव दुधाच्या वाफेसारखं तरंगत होतं, तेव्हाची ही गोष्ट. दूध डेअरीचे चेअरमन हिंदुराव आप्पा डेअरीशेजारच्या खोलीत शिरले. खोली त्यांचीच. तिथं मालन गावकऱ्यांचं रक्त तपासायची, त्यावरच तिचं घर चालायचं.

"उपाशीपोटी साखर दोनशे दहा?" आप्पांनी कागद नाचवला. "तुझ्या काकूनं पेढ्यांचा डबा कुलपात घातलाय! शंभराच्या आत लिही, नाहीतर उद्या खोली खाली कर."

खिडकीबाहेर म्हशी धुक्यातून स्वप्नातल्यासारख्या हळूहळू येत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मालन म्हणाली, "लिहिते की, आप्पा. फक्त आज माझ्या सासूबाईंच्या म्हशीच्या दुधाला चारच्या जागी सात फॅट लिहा."

"खुळी का काय तू!" आप्पा कडाडले. "मशीन दाखवील तेच लिहायचं. नुसतं लिहून दूध घट्ट होतंय व्हय?"

"मग फॅट कमी लागली की काय करायचं?"

"वैरण बदलायची, दुसरं काय!" आप्पा बोलून गेले आणि हातातल्या कागदाकडे बघू लागले. बाहेर एक म्हैस शांतपणे रेकली.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "सांग बाई, माझी वैरण काय?"

"पेढे, साखरेचा चहा बंद. भात कमी. भाकरी, डाळ, पालेभाजी. आजच डॉक्टरांना कागद दाखवा, आणि तीन महिन्यांनी परत रक्त द्या."

"द्यायला कुठं यायचं?"

"खोली राहिली, तर इथंच."

"मग इथंच येतो," आप्पा म्हणाले आणि धुक्यात दिसेनासे झाले.