दिव्याची ललकारी

"गाडी चालली पाहिजे, इंजिन जळता कामा नये, आणि गाडीनं आमच्यासमोर तक्रारही करता कामा नये!" वेळुंब संस्थानचे बाजीसाहेब महाराज कडाडले. "दसऱ्याच्या मिरवणुकीपर्यंत हे जमव, तुझा बाप सुटेल. नाही जमलं तर तो गडावरच्या कोठडीत म्हातारा होईल!"

"जमवते, सरकार," हौसा म्हणाली.

तिचा बाप कोंडाबा पांचाळ हा संस्थानचा मोटारमिस्त्री. त्याचा गुन्हा काय, ऐकाल तर हसाल. महाराजांच्या आजोबांची एक लांबलचक विलायती गाडी होती. इंजिनातलं तेल कमी झालं की चालवायच्या चाकासमोरच्या फळीवर एक लाल दिवा पेटायचा. एकदा तो भर सवारीत पेटला आणि महाराजांचा पारा चढला. "आमच्यावर डोळे वटारते? तोडा ती वायर!" कोंडाबानं हात जोडून "नको" म्हटलं, पण दिवाण नरहरपंतांनी स्वतः उभं राहून वायर तोडवली. पुढे व्हायचं तेच झालं. इंजिन कोरडं पडून जळालं, कोंडाबा कोठडीत गेला आणि दिवाणांना तत्परतेबद्दल शाल मिळाली!

तसलं इंजिन आता मिळायचं नाव नव्हतं. शेवटी लाकडं वाहणाऱ्या एका मोडक्या ट्रकचं इंजिन काढून आणलं आणि कप्पीनं उचलून गाडीच्या सांगाड्यात बसवलं. बसलं, पण बोलेना! इंजिनाच्या वायरी एका तऱ्हेच्या, गाडीच्या भलत्याच तऱ्हेच्या. लग्नात दोन गावचे पाहुणे शेजारी जेवायला बसावेत आणि कुणी कुणाची ओळखही विचारू नये, तसं चाललं होतं.

कोंडाबाची बोटं जाडजूड, म्हणून वायरींचं बारीक काम पहिल्यापासून हौसाच करी. तिनं एकेक वायर हातानं चाचपत टोकापर्यंत नेली, जुन्या लुगड्याचे रंगीत दोरे बांधून खुणा केल्या, आणि जोडणी करून कळ दाबली. इंजिन ढिम्म! भोंगा मात्र जो केकाटायला लागला तो थांबेचना. तबेल्यातले घोडे उधळले. दिवाण कानात बोटं घालून धावत आले.

"ही गाडी आहे की तमाशाचा फड?"

"वरडतीया म्हंजी जित्ती हाय, दिवाणसाहेब!" हौसा म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली शिरली.

अखेर इंजिनही सुरू झालं. पण त्या दिव्याचं काय करायचं? लावावा तर ती तक्रार, न लावावा तर इंजिन जळणार. काहीही केलं तरी बाप कोठडीतच! हौसाला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसते तोच सज्जाखालून भालदाराची रोजची ललकारी आली, "संस्थानात सर्व क्षेऽऽम!"

ही रीत महाराजांच्या आजोबांपासूनची. महाराजांना वाईट बातमी कुणी तोंडानं सांगायची नाही. सगळं ठीक असलं की भालदारानं ललकारी द्यायची, बिनसलं की नुसतं गप्प राहायचं. मग महाराज काय ते समजत आणि चौकशीला उठत. नरहरपंतांनी अलीकडे ही गप्प राहण्याची भानगडच मोडीत काढली होती. धान्याचं कोठार जळालं त्या सकाळीही "सर्व क्षेम"च झालं होतं!

हौसा डोळे पुसता पुसता हसायला लागली.

दसऱ्याला महाराज स्वतः चाकामागे बसले. शेजारी दिवाण, बाजूच्या पायरीवर हौसा. इंजिन सुरू झालं आणि फळीवर हिरवागार दिवा झळकला.

"पुन्हा दिवा!" महाराज गरजले. "आम्ही काय सांगितलं होतं?"

"सरकार, ह्यो तक्रार करत न्हाई. तेल नीट फिरतंय तवर ह्यो पेटून ऱ्हातो. आपला भालदारच हाय म्हना! ललकारी थांबली, की गाडी थांबवायची."

"म्हणजे आमचा जयजयकार करतो?"

"समदा वेळ, सरकार!"

महाराजांनी खूश होऊन मिशीला पीळ भरला आणि गाडी सोडली. दुतर्फा लोक आपट्याची पानं उधळत होते. देवीच्या माळावरचा चढ लागला, एक दणका बसला आणि दिवा पटकन विझला!

दिवाणांनी पाहिलं. पाहून लगेच देवळाच्या कळसाकडे तोंड केलं. "वाहवा! इंजिन कसं गातंय, सरकार! सर्व क्षेम!"

"गप्प बसा!" महाराजांनी गचकन ब्रेक दाबून इंजिन बंद केलं. "ललकारी का थांबली?"

हौसा रस्त्यावर उतरली. मागे चढभर तेलाची काळी रेघ उमटली होती. दणक्यानं तेलाची नळी निसटली होती. गाडी आणखी थोडी वर गेली असती तर हेही इंजिन गेलं असतं, आणि बापही! तिनं नळी घट्ट बसवली, पायरीजवळचा डबा काढून तेल ओतलं. कळ दाबताच दिवा पुन्हा हिरवा झाला.

महाराज दिव्याकडे बघत होते, मग दिवाणांकडे बघायला लागले. "पोरी, दिवा काय नि दिवाण काय, दोघांनाही आमचा जयजयकारच करायचा असतो. मग दिवा वेळेवर गप्प झाला आणि हे का झाले नाहीत?"

दिवाणांनी पुन्हा कळसाकडे तोंड केलं. हौसानं हात पुसले. "सरकार, दिव्याची वायर तेलापातुर जाती. दिवाणसाहेबांची आपल्या चेहऱ्यापातुर."

मग महाराज असे खदखदून हसले, की पगडी सावरायला त्यांना चाक सोडावं लागलं.

"कोंडाबाला आत्ताच्या आत्ता खाली आणा! ती तत्परतेची शाल त्याच्या अंगावर घाला! आणि आजपासून गाडीखाना हौसाचा!" डोळे पुसत ते पुढे वाकले. "आता एवढं सांग, दिवाणांची वायर बदलता येईल का?"

"यील की, सरकार! पर ती त्येंच्या टोकाकडनं सुटायची न्हाई. आपल्या टोकाकडनंच सोडवाय लागंल."

महाराजांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग एवढ्या मोठ्यानं हसले, की त्यांचा हात भोंग्यावर पडून तोही केकाटला!