बयना ढिवरीण आणि आडकू पाटलांची बोडी

धानाच्या मुलखात अजून मालगुजारी होती, तेव्हाची ही गोष्ट. आमटोली गावात आडकू पाटलांची एक बोडी होती. बोडी म्हणजे शेताच्या उशाचं लहानसं तळं. तिच्यातले मासे बयना ढिवरीण आणि तिचा नवरा डोमा सांभाळत.

एका श्रावणात आठ दिवस आभाळ झाकोळून राहिलं. ना ऊन, ना वारा. नवव्या दिवशी सकाळी बोडीभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. लोक म्हणाले, "डोमानंच विष कालवलं." पाटील संतापले. "उद्या दुपारच्या आत गाव सोडा!"

डोमा बोचकं बांधायला बसला. बयना मात्र बोडीवर जाऊन बसली. असं म्हणतात, ती दिवसभर पाण्याला कान लावून होती. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उरलेसुरले मासे वर आले आणि तोंडं वासू लागले. बयनाला एकदम आठवलं. तिची तान्ही लेक धाप लागून गेली, तेव्हा अशीच तोंड उघडत होती.

ती धावत पाटलांकडे गेली. "विष नाही जी! मासे गुदमरलेत. तुमच्या गोठ्याचं शेण बोडीत उतरतं, पाला कुजतो, त्यात मासे दाट. ऊन-वारा नसला की पाण्यातला श्वास सरतो."

"मग काय करायचं?"

"पाणी हलवायचं जी."

सगळे बोडीवर आले, पण पाण्यात कोणी उतरेना. बयना एकटी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पाणी उडवू लागली. असं म्हणतात, ते तुषार बांधावरच्या मोहाच्या शेंड्याला लागत होते. मग डोमा उतरला, बायका सुपं घेऊन उतरल्या, शेवटी धोतर खोचून खुद्द पाटील. वरच्या तलावाचं ताजं पाणी पाटानं सोडलं. तिन्हीसांजेला ढग फाटले, आणि असं म्हणतात, बोडीतले वाचलेले सगळे मासे बयनाभोवती रिंगण धरून फिरले.

पाटील म्हणाले, "बयनाबाई, चुकलो."

"मला नाही जी, डोमाला सांगा."

पाटलांनी गावादेखत डोमापुढे हात जोडले.

बयनाला जाऊन किती पिढ्या लोटल्या, कोणाला ठाऊक नाही. पण आमटोलीत आजही बोडीच्या वरच्या अंगाला कोणी उकिरडा घालत नाही. उन्हाळ्यात गाळ काढतात, दाटी झाली की मासे विरळ करतात. आणि तीन दिवस ऊन पडलं नाही की सकाळीच बायका सुपं घेऊन बोडीत उतरतात. वाटसरूनं विचारलं, तर म्हणतात, "बयनाच्या नावानं वारा घालतोय जी."